नागपुरात दहा वर्षं कार चालवली, आता टेक्सासात चालवायची आहे: तयारी कशी करू?

मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय पस्तीस, नागपुरात दहा वर्षांपासून स्वतःची कार चालवतात. नवऱ्याला ऑस्टिनला नोकरी लागली आहे आणि दोन महिन्यांनी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन त्याही निघणार आहेत. इथलं लायसन्स तिथं चालेल का, उजव्या बाजूने चालवायची सवय कशी लागेल, निघण्याआधी इथूनच काय करता येईल, आणि डिसेंबरात बाबा येतील तेव्हा त्यांनाही चालवता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे. टेक्सासात असताना मी नव्याने आलेल्या आपल्या लोकांना गाडी शिकवत होतो आणि आता नागपुरात परदेशी निघालेल्यांची तयारी करून घेतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, बाजू बदलण्याची धास्ती प्रत्येकाला असते, पण ती आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. जास्त वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. आपण समोरच्याचा अंदाज घेत गाडी चालवतो. शंकरनगर चौकात सिग्नल बंद असला तरी तुम्ही पार होता, कारण कोणता स्कूटरवाला थांबेल, कोणता ऑटो घुसेल, हे तुम्हाला त्याच्या चाकाच्या वळणावरून कळतं. हे कौशल्य खरंच मोठं आहे. तिकडे वाढलेल्या ड्रायव्हरला ते सहसा नसतं. पण तिथं वाट कोणाची हे अंदाजाने ठरत नाही, नियमाने ठरतं. ज्याची वाट आहे तो निर्धास्तपणे, वेग कमी न करता येतो, कारण तुम्ही थांबणारच हे त्याने धरलेलं असतं. आपण थोडं पुढे सरकून बघू, तो ब्रेक मारेल, ही आपली रीत तिथं जीवावर बेतते. पुढचं बहुतेक सगळं याच एका बदलाबद्दल आहे.

आधी कागदांचं उरकून घेऊ. तुमच्या पक्क्या लायसन्सची मुदत वर्षभरात संपत असेल तर निघण्याआधी नूतनीकरण करून घ्या, तिकडून ते करणं किचकट होतं. मूळ कार्ड सोबत न्या, डिजीलॉकरच्या भरवशावर राहू नका. आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, आपल्याच आरटीओतून मिळतो. फॉर्म ४ए, पासपोर्ट आणि मूळ लायसन्स लागतं, शुल्क १००० रुपये. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली दिला जातो, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला किंमत नाही.

आता इथं अनेकजण फसतात. आयडीपी वर्षभराचा आहे म्हणून वर्षभर निवांत, असं ते धरून चालतात. तुम्ही तिथं फिरायला नाही, राहायला जाताय. टेक्सासात राहायला आलेल्या माणसाला बाहेरच्या लायसन्सवर ९० दिवस गाडी चालवता येते, त्यानंतर टेक्सासचंच लायसन्स लागतं. भारतीय लायसन्स दाखवून ते बदलून मिळत नाही. लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात आणि ७० टक्के, म्हणजे २१ उत्तरं बरोबर यावी लागतात. तुमच्या वयाला ड्रायव्हर एज्युकेशनचा मोठा कोर्स सक्तीचा नाही. गाडीच्या परीक्षेला गाडी आपणच न्यायची, तिचा विमा चालू हवा, आणि पॅरलल पार्किंग करून दाखवावं लागतं. हे काम तिथल्या पब्लिक सेफ्टी खात्याकडे असतं, सगळे त्याला डीपीएस म्हणतात. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती बरेचदा कित्येक आठवडे पुढची मिळते. म्हणून घराचा पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात वेळ घेऊन टाका. तुम्ही डिपेंडंट व्हिसावर असाल तर सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, सुरुवातीला बहुधा नसेल. त्यावाचून अडत नाही, नंबर नसल्याचं लिहून देता येतं. लायसन्सची मुदत मात्र तुमच्या मुक्कामाच्या परवानगीइतकीच मिळते.

विम्याबद्दल एवढंच सांगतो की किमान विम्यावर भागवू नका. टेक्सासात कायद्याने लागणारा किमान विमा असा: एका जखमीमागे ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींचे मिळून ६०,००० आणि समोरच्याच्या मालमत्तेचे २५,०००. तिथला दवाखान्याचा खर्च पाहता हे आकडे फार लहान आहेत. नव्या माणसाचा हप्ता तसाही जास्त बसतो, कारण तुमची नागपुरातली दहा वर्षं तिथल्या कंपनीच्या हिशेबात सहसा धरली जात नाहीत. तरीही वरचा टप्पा घ्या.

मुलीसाठी चाइल्ड सीटची सोय विमानतळावर उतरण्याआधी झालेली हवी. टेक्सासात आठ वर्षांखालच्या मुलाला, उंची चार फूट नऊ इंचांपेक्षा कमी असेल तर, अशा सीटवर बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. मांडीवर घेऊन बसणं चालत नाही. न्यायला जो येणार असेल त्याला सीट लावूनच यायला सांगा.

आता मुख्य विषय. तुमच्या अंगाला काय काय बदलावं लागेल, ते आधी सांगतो.

इथं तुम्ही उजवीकडे बसता आणि गाडीचा मोठा भाग तुमच्या डावीकडे असतो. तिथं बसायची जागा डावीकडे, गाडीचा मोठा भाग उजवीकडे. पण शरीर लेनमधली आपली जुनी जागा सोडत नाही. त्यामुळे नवा माणूस हटकून उजवीकडे सरकतो आणि कडेला उभ्या गाड्यांचे आरसे त्याच्या आरशाला घासतात. शेजारी बसलेला नवरा दचकून दरवाजा पकडतो आणि चालवणाऱ्याला वाटतं की गाडी तर मधोमध आहे. यावर उपाय एकच. नजर बॉनेटवरून उचला, लेन जिथं दूर जाऊन अरुंद होते तिथं ठेवा, आणि आपला डावा खांदा मधल्या रेषेच्या बाजूला आहे हे मनात धरा. जवळ बघून गाडी मधोमध ठेवता येत नाही.

रस्त्यावरच्या रंगांचा इथं फार उपयोग होतो आणि हे कोणी नीट सांगत नाही. अमेरिकेत समोरून येणाऱ्या वाहतुकीला वेगळी करणारी रेषा नेहमी पिवळी असते. आपल्याच दिशेच्या लेनमधली रेषा पांढरी असते. डिव्हायडरच्या रस्त्यावर किंवा वन-वेवर सुद्धा डावी कड पिवळी, उजवी कड पांढरी. म्हणजे पिवळं डाव्या हाताला असलं की तुम्ही बरोबर आहात. पिवळं उजवीकडे दिसलं तर त्याच क्षणी सावध व्हा, तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. रात्री आणखी एक खूण असते. रस्त्यात बसवलेले चमकणारे तुकडे हेडलाइटमध्ये लाल दिसले तर तुम्ही राँग साईडने जात आहात. शिकवताना मी प्रत्येक वळणावर 'पिवळं कुठं?' एवढंच विचारायचो. थोड्या दिवसांनी विद्यार्थी स्वतःशीच ते म्हणायला लागत.

चूक भर रहदारीत फारशी होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: सकाळी वसाहतीतून बाहेर पडताना, पेट्रोल पंपावरून किंवा दुकानाच्या पार्किंगमधून रस्त्यावर येताना, जिथं बघून अनुकरण करायला कोणी नसतं. आणि ती पहिल्या दिवशी होत नाही, कारण तेव्हा तुम्ही जिवाचे कान करून चालवत असता. सवय झाली असं वाटू लागतं त्या आठवड्यात, थकलेल्या संध्याकाळी, मागच्या सीटवर लेक रडत असताना होते. त्यामुळे पार्किंगमधून निघताना दर वेळी थांबून पिवळं शोधायचा नियम पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोडू नका.

गाडीतल्या बाकी गोष्टी लवकर जमतात. गाडी ऑटोमॅटिक असेल, डाव्या पायाला काम नाही, तो मागे घेऊन ठेवा. इंडिकेटरची दांडी डावीकडे आणि वायपरची उजवीकडे असते, मारुती-ह्युंदाईच्या उलट. डाव्या बाजूच्या आरशाकडे मात्र लक्ष द्या. अमेरिकन गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट असतो, आपल्यासारखा फुगीर नसतो. गाडी खऱ्या अंतरावर दिसते, पण आरशात मावणारा पट्टा अरुंद होतो. शेजारच्या लेनमधली गाडी त्यातून सहज निसटते. लेन बदलण्याआधी मान वळवून खांद्यावरून बघणं म्हणूनच सक्तीचं, आणि परीक्षक तुमची मान वळते का हे बघतोच.

पायी चालतानाही सांभाळा. रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडे बघतो. तिथं पहिली गाडी डावीकडून येते. मुलीलाही हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

वाट कोणाची, हे सर्वांत जास्त कळतं ते फोर-वे स्टॉपला. असा चौक नागपुरात नाही. चारही रस्त्यांना लाल अष्टकोनी पाटी, सिग्नल नाही, पोलीस नाही. ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकला एका वसाहतीत मी एका विद्यार्थिनीला घेऊन अशा चौकात थांबलो होतो. अमरावती रोडवर वर्षानुवर्षं चालवलेली, हाताने पक्की मुलगी. आम्ही आधी पोचलो, समोरची आणि उजवीकडची गाडी नंतर आली. ती पाहत राहिली. तेही पाहत राहिले. मी म्हटलं, जा ना. ती म्हणाली, 'सर, ते दोघं माझ्याकडे बघून राहिले, मी काऊन जाऊ? आधी त्यांना जाऊ द्या.' समोरचा हात दाखवायला लागला, उजवीकडच्याने अर्धवट गाडी काढली, मग ब्रेक मारला. चार सेकंदांचं काम अर्धं मिनिट चाललं आणि तेवढ्यात चौकात धोका तयार झाला. त्या मुलीला घुसायची सवय होती, थांबायलाही तिची तयारी होती, पण आपली पाळी आली की बिनबोभाट निघायचं, हे तिला नवं होतं.

नियम सोपा आहे. जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. दोघं एकाच वेळी आले तर उजवीकडचा आधी. समोरासमोर असतील तर सरळ जाणारा आधी, डावीकडे वळणारा नंतर. आपली पाळी नसेल तर पुढे सरकायचं नाही, आणि असेल तर रेंगाळायचं नाही. तिथं दुसऱ्याला 'आधी तुम्ही' म्हणणं हा सौजन्याचा भाग नाही, त्याने सगळ्यांचा हिशेब चुकतो.

थांबणं म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. वेग कमी करून, इकडेतिकडे बघून पुढे जाणं म्हणजे थांबणं नव्हे. चाक पूर्ण थांबलं पाहिजे. गाडी खरोखर थांबते त्या क्षणी शरीर किंचित मागे येतं. तो हलका झोका पाठीला जाणवेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही, असं मी शिकवतो. थांबायचं ते पांढऱ्या रेषेच्या अलीकडे. तिथून दिसत नसेल तर एकदा पूर्ण थांबून मग हळूहळू पुढे येऊन बघायचं. परीक्षेत सराईत चालकांचं गणित बिघडतं ते बहुतेक इथंच.

आपल्याकडच्या 'लेफ्ट फ्री'ची जागा तिथं लाल सिग्नलवर उजवीकडे वळणं घेतं. पाटीने मनाई केलेली नसेल तर ते चालतं, पण पूर्ण थांबून, पादचारी आणि डावीकडून येणारी वाहनं जाऊ देऊनच. लाल दिवा लुकलुकत असेल तर तो चौक स्टॉपच्या पाटीसारखा समजायचा. सिग्नल पूर्ण बंद पडला असेल तर तो फोर-वे स्टॉप.

सर्वांत धोक्याचं काम सांगायचं तर डावीकडे वळणं. इथल्या उजव्या वळणाची ती जागा. हिरवा बाण असेल तर प्रश्नच नाही, वाट तुमची. पण नुसता गोल हिरवा दिवा किंवा लुकलुकणारा पिवळा बाण असेल तर समोरून येणाऱ्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे उजवीकडे वळताना गाडीचं नाक हळूहळू आत घालतात आणि समोरची रांग कुठेतरी फुटते. तिथं समोरची गाडी ताशी ४५ मैलांनी, म्हणजे ७० किलोमीटरच्या पुढे येत असते आणि ड्रायव्हरला तुम्ही मध्ये याल असं स्वप्नातही वाटत नाही. चौकात थोडं आत जाऊन उभं राहता येतं, पण चाकं सरळ ठेवून. वळवलेल्या चाकांनी उभे असताना मागून कोणी धडकलं तर तुमची गाडी थेट समोरच्या रहदारीत ढकलली जाते. मोकळी जागा दिसली की जायचं, अर्धवट मनाने जायचं नाही. शंका असेल तर थांबा, मागचा कितीही जवळ आलेला असो.

डिपरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण यात अर्थ जवळजवळ उलटा होतो. वर्धा रोडवर समोरच्याने डिपर मारला की आपण समजतो, तो येतोय, आपण थांबायचं. तिथं बहुतेकदा त्याचा अर्थ 'तुम्ही जा, मी थांबलोय' असा घेतला जातो. आता विचार करा, तुम्ही सरळ जात आहात, समोर एक पिकअप डावीकडे वळायला उभी आहे, आणि तिला सावध करायला तुम्ही नागपूरच्या सवयीने डिपर देता. ती वाट मिळाली समजून तुमच्या पुढ्यात वळते. म्हणून तिथं इशारा म्हणून डिपर वापरूच नका, आणि दुसऱ्याने दिला तर त्यावरून निर्णय घेऊ नका, रस्ता बघून घ्या. हॉर्नचंही तसंच. तो फक्त धडक टाळण्यासाठी असतो. ओव्हरटेक करताना वाजवलात तर लोक त्याला शिवी समजतात.

शाळेची पिवळी बस हा विषय हलक्यात घेऊ नका. बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले आणि बाजूचा स्टॉपचा हात बाहेर आला की मागच्यांनी थांबायचंच, समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. मध्ये खरा डिव्हायडर असेल तरच समोरच्यांना सूट. रस्त्याच्या मधोमध डावीकडे वळण्यासाठी आखलेली लेन असते, ती डिव्हायडरमध्ये मोडत नाही. टेक्सासात पहिल्याच वेळी ५०० ते १,२५० डॉलर दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा हे लक्षात ठेवा की त्या बसमधून उतरणारं मूल रस्ता न बघता पळतं, कारण सगळे थांबलेले असणार हे त्याला शिकवलेलं असतं.

हायवेवर चढणं इथूनच शिकून जा, कारण त्यासाठी आपल्याकडे समृद्धी महामार्ग आहे. शिवमडक्याहून चढा, वर्ध्यापर्यंत जाऊन परत या. रॅम्पवरच वेग वाढवून मुख्य लेनमधल्या गाड्यांच्या वेगाला यायचं, आरसा, खांदा, आणि मग आत. रॅम्पच्या टोकाला येऊन थांबणं, हे तिथं नव्या भारतीयांकडून होणारं सर्वांत घातक काम आहे, कारण मागून येणारा त्याच वेगाने येत असतो. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ऑस्टिनजवळच्या स्टेट हायवे १३० च्या एका टप्प्यावर ती ताशी ८५ मैल, म्हणजे १३७ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि संपूर्ण अमेरिकेत ती सर्वांत जास्त आहे. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची सवय लावा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं 'एक हजार चार'पर्यंत म्हणा, त्याआधी तुम्ही तिथं पोचायला नको. त्या अंतरात कोणी घुसेल ही भीती मनातून काढा. घुसला तर पुन्हा तेवढं अंतर सोडा.

टेक्सासचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे हायवेला समांतर धावणारे सर्व्हिस रोड. हायवेवरून उतरणाऱ्या गाड्या त्यावर वेगात येतात आणि वाट त्यांची असते, सर्व्हिस रोडवरच्यांनी त्यांना वाट द्यायची. पहिले काही आठवडे त्या उताराच्या जागा आल्या की आरशात बघत राहा.

पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं, हे तर आपल्या लोकांना पाठ करून घ्यावं लागतं. इथं शिट्टी वाजली की आपण गाडी बाजूला लावून, उतरून, कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो. तिथं गाडीतून उतरायचं नाही. मागे लाल-निळे दिवे दिसले की उजवा इंडिकेटर देऊन उजव्या कडेला सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, काच खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर दिसतील असे ठेवा. पर्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालण्याआधी 'लायसन्स पर्समध्ये आहे, काढते' असं सांगा आणि मग काढा. पोलीस अचानक हालचालीला घाबरतात, कारण समोरच्याकडे बंदूक असू शकते. दंड जागेवर भरायचा नसतो, पैसे पुढे करण्याचा विचारही नको. दारूबद्दल बोलायचं तर रक्तातल्या अल्कोहोलची तिथली मर्यादा आपल्यापेक्षा वर, ०.०८ टक्के आहे, पण तिचा फायदा घेऊ नका. अशा प्रकरणात नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. नवऱ्यालाही हे सांगा.

हवामानाचं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते तुम्ही पाहिलं असेल. दर पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजमध्ये पाणी साचतं आणि लोक पहिल्या गिअरमध्ये काढतात. ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्यांमध्ये असं करू नका. तिथं ओढ्यांवर ठेंगणे फरशीपूल आहेत आणि पाणी मिनिटांत चढतं. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी वाहून नेतं, दोन फूट बहुतेक कोणतीही. अडथळा लावलेला असेल तर मागे वळा. आणि टेक्सास गरम आहे म्हणून बर्फाचा विषय संपला असं समजू नका. ११ फेब्रुवारी २०२१ ला फोर्ट वर्थमध्ये आय-३५ डब्ल्यूवर रस्ता गोठला, सकाळच्या रहदारीत १३० हून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि सहा माणसं गेली. रस्त्याआधी पूल गोठतात, कारण थंड हवा त्यांच्या वरूनही जाते आणि खालूनही. तो बर्फ डोळ्यांना दिसत नाही, रस्ता फक्त ओला वाटतो. गोठण्याचा इशारा आला की त्या दिवशी घरीच थांबा. नागपूरच्या माणसाला यावर चालवायचं कौशल्य आठवड्यात येणार नाही आणि यायची गरजही नाही.

हाती दोन महिने आहेत, तर इथं काय करायचं? रोज सकाळी सेमिनरी हिल्स, फुटाळ्याकडच्या मोकळ्या रस्त्यांवर अर्धा तास चालवा आणि चालवताना मोठ्याने बोला: पुढे काय दिसतंय, कोणाची वाट, आरशात काय. बोललं की नजर आपोआप दूर जाते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पूर्ण थांबा, झोका जाणवेपर्यंत. लेन बदलताना रस्ता रिकामा असला तरी इंडिकेटर आणि मान. हॉर्नला शक्य तिथं हात लावू नका. उजव्या बाजूने चालवायचा सराव मात्र इथं करू नका, रिकाम्या लेआउटमध्येही नाही. त्याने तिथं उपयोग होत नाही आणि इथं कोणाला तरी लागेल. त्याऐवजी ऑस्टिनच्या रस्त्यांवर गाडीच्या आतून घेतलेले व्हिडिओ बघा, आणि चौक आला की पुढे काय करायचं हे व्हिडिओतल्या ड्रायव्हरच्या आधी तुम्ही सांगा. टेक्सासची ड्रायव्हर हँडबुक डीपीएसच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, ती विमानात बसण्याआधी दोनदा वाचून झालेली असावी.

तिथं पोचल्यावर झोपेचं घड्याळ जागेवर येईपर्यंत, निदान पहिले तीन-चार दिवस, स्टेअरिंग हातात घेऊ नका. मग रविवारी सकाळी एखादं मोठं रिकामं पार्किंग, नंतर वसाहतीतले रस्ते, मग शहरातले, हायवे सगळ्यांत शेवटी. परीक्षेआधी तिथल्या शिक्षकाचे काही तास घ्या. त्यांच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असतो. नवऱ्याने शिकवणं टाळलेलं बरं. तो तुमच्या आधी दोन महिने गेला असेल तर त्याच्याही सवयी अजून कच्च्या असतील, आणि शेजारून ओरडणाऱ्या माणसामुळे डावं वळण जास्त अवघड होतं.

बाबांबद्दल. ते पाहुणे म्हणून येतील, त्यामुळे चालू भारतीय लायसन्स आणि आयडीपी असेल तर टेक्सासात त्यांना गाडी चालवता येईल. आयडीपी त्यांना निघण्याआधी इथूनच काढायला लावा. तुमच्या विमा कंपनीला मात्र आधी विचारा. घरात राहणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या माणसाचं नाव विम्यात नसेल तर काही झाल्यावर कंपनी हात वर करू शकते. उत्तर लेखी घ्या. आणि मुलगी म्हणून त्यांच्याशी स्पष्ट बोला. त्यांची चाळीस वर्षांची सवय तुमच्या दहा वर्षांपेक्षा घट्ट असणार, आणि सहा आठवड्यांच्या मुक्कामात ती बदलायला वेळ मिळणार नाही. दिवसाउजेडी, वसाहतीतल्या रस्त्यांवर, तुम्ही शेजारी बसून, किराणा दुकानापर्यंत, एवढं जरूर करू द्या, त्यांना बरं वाटेल. रात्री, पावसात आणि हायवेवर स्टेअरिंग तुमच्याच हातात ठेवा.